अलास्का क्रूझ : बंदरावरची भटकंती स्वतः आखायची तर काय काय पाहावं लागतं?

जहाज सुटायच्या बेतात आहे, शिडी वर घेतली जातेय आणि धक्क्यावरून दोघं जण हातात पिशव्या घेऊन जिवाच्या आकांताने धावत येताहेत. वरच्या डेकवरून शेकडो लोक टाळ्या वाजवताहेत, मोबाइलवर शूट करताहेत. समाजमाध्यमांवर असे व्हिडिओ भरपूर सापडतात. अशा उशिरा येणाऱ्यांना क्रूझच्या भाषेत 'पिअर रनर' म्हणतात. बघायला गंमत वाटते, पण हेच अलास्कात घडलं तर प्रकरण महागात पडतं. कारण इथली बरीचशी बंदरं अशी आहेत की जहाज चुकलं, तर टॅक्सी करून पुढचं गाव गाठता येत नाही. रस्ताच नाही.

तरीही दरवर्षी हजारो प्रवासी जहाजाकडून मिळणाऱ्या सहली, म्हणजे शोअर एक्सकर्शन्स, न घेता स्वतःची स्वतः भटकंती आखतात. अमेरिकेत मुलाकडे किंवा मुलीकडे उन्हाळ्यात राहायला गेलेल्या मराठी आईवडिलांसोबत अलास्काची सहल करणारी कुटुंबंही त्यात असतात. पैसे वाचतात, गर्दीतून सुटका होते आणि आईच्या गुडघ्यांच्या वेगाने फिरता येतं.

मुळात ही सहल असते कशी?

अलास्का क्रूझचा हंगाम साधारण एप्रिलच्या अखेरीपासून ऑक्टोबरपर्यंत. बहुतेक जहाजं अमेरिकेतल्या सिॲटलहून किंवा कॅनडातल्या व्हँकुव्हरहून निघतात आणि बेटांच्या आडोशाने जाणाऱ्या 'इनसाइड पॅसेज' या जलमार्गाने वर सरकतात. सात रात्रींच्या फेरीत सहसा तीन-चार बंदरं येतात. केचिकान, जुनो आणि स्कॅगवे ही नेहमीची. काही जहाजं सिटका किंवा आइसी स्ट्रेट पॉइंटला थांबतात. ग्लेशियर बे हे राष्ट्रीय उद्यान बहुतेक प्रवासी जहाजावरूनच बघतात. तिथे उतरायचं नसतं, त्यामुळे त्या दिवसाचं नियोजन म्हणजे गरम कपडे आणि डेकवरची चांगली जागा.

सिॲटलहून निघून सिॲटललाच परतणारी जहाजं कॅनडातल्या व्हिक्टोरियाला का थांबतात, तेही अनेकदा संध्याकाळी काही तासांसाठीच, असा प्रश्न पडतो. त्यामागे अमेरिकेचा 1886 सालचा कायदा आहे. परदेशी झेंड्याखालच्या जहाजांना केवळ अमेरिकी बंदरांदरम्यान प्रवासी वाहतूक करता येत नाही, मध्ये परदेशी बंदर लागतं. मोठी क्रूझ जहाजं जवळपास सगळी परदेशांत नोंदलेली, म्हणून व्हिक्टोरिया.

याचा थेट परिणाम भारतीय पासपोर्टवर होतो. अमेरिकेचा व्हिसा असला तरी कॅनडाचा व्हिसा वेगळा काढावा लागतो. अमेरिकेचं ग्रीन कार्ड असलेल्यांना तो लागत नाही; एच-वन-बीवर असलेल्यांना आणि व्हिजिटर व्हिसावर आलेल्या आईवडिलांना लागतो. एकाच घरातल्या चार माणसांची चार वेगळी कागदपत्रं, असं चित्र अगदी सहज दिसतं. क्रूझ कंपन्या जहाजावर चढतानाच हे तपासतात, म्हणून बंदरावरच्या सहलींच्या आधी हा विषय मिटवलेला बरा.

जहाजाची सहल आणि स्वतःची सहल यांत नेमका फरक काय?

फरक एका वाक्यात सांगायचा तर, उशीर झाला तर जबाबदारी कोणाची? जहाजाकडून घेतलेल्या सहलीची बस अडकली, तर जहाज शक्यतो थांबतं. थांबता आलं नाही, तर प्रवाशांना पुढच्या बंदरावर पोहोचवण्याची व्यवस्था कंपनी करते. स्वतः गेलेल्यांसाठी जहाज थांबत नाही. विमानाचं तिकीट, हॉटेल, सगळा खर्च आपला. केबिनच्या तिजोरीत पासपोर्ट सापडले, तर जहाजाचे कर्मचारी ते बंदरावरच्या एजंटकडे देऊन जातात, एवढाच काय तो दिलासा.

दुसरा फरक रद्द होण्याचा. खराब हवामानामुळे जहाजाने एखादं बंदर गाळलं, तर जहाजाच्या सहलीचे पैसे आपोआप परत मिळतात. बाहेरच्या ऑपरेटरकडे बुकिंग असेल, तर त्याची अट काय हे आधी वाचावं लागतं. जहाज आलंच नाही तर पैसे परत करतो, असं अनेक स्थानिक ऑपरेटर स्पष्ट लिहितात. जे लिहीत नाहीत त्यांना ईमेल करून विचारावं आणि उत्तर जपून ठेवावं.

तिसरा फरक छोटा आहे, पण तासभर खाऊ शकतो. धक्का रिकामा नसला की जहाज पाण्यातच उभं राहतं आणि प्रवाशांना लहान बोटींनी किनाऱ्यावर नेतात. या बोटींत आधी नंबर लागतो तो जहाजाच्या सहली घेतलेल्यांचा.

मात्र 'जहाजाकडून घेतली म्हणजे सुरक्षित' हे गृहीतक तपासून घ्यावं. जून 2015मध्ये केचिकानजवळ मिस्टी फिओर्ड्स दाखवणारं एक फ्लोटप्लेन डोंगरावर आदळून नऊ जणांचा मृत्यू झाला. त्यातले आठ प्रवासी क्रूझ जहाजावरचे होते आणि ही सहल जहाजामार्फतच विकली गेली होती. खराब दृश्यमानतेत उड्डाण चालू ठेवण्याच्या वैमानिकाच्या निर्णयासोबतच, धोकादायक हवेतही उडण्याला मूक संमती देणारी कंपनीची कार्यपद्धती आणि स्थानिक ऑपरेटर्समधली स्पर्धा यांकडेही अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा मंडळाने बोट दाखवलं. मे 2019मध्ये त्याच परिसरात दोन पर्यटक विमानांची हवेत टक्कर होऊन सहा जण दगावले. म्हणून विमान किंवा हेलिकॉप्टरची सहल ढगांमुळे रद्द झाली, तर हुज्जत घालू नये. रद्द करणारा ऑपरेटर चांगला ऑपरेटर असतो.

घड्याळ कोणतं पाहायचं?

स्वतःची सहल आखणाऱ्यांची सर्वाधिक फसगत इथे होते. अलास्काची वेळ सिॲटलच्या एक तास मागे आहे. जहाज आपली घड्याळं कधी बदलतं, कधी नाही, आणि सुटण्याची वेळ पाळली जाते ती जहाजाच्या घड्याळाप्रमाणे. मोबाइल मात्र जवळच्या टॉवरची वेळ उचलतो. ऑपरेटर बोलतो स्थानिक वेळेत. बुकिंग करताना आणि उतरताना दोन्ही वेळा पडताळून पाहाव्यात. त्यातल्या त्यात सोपा उपाय म्हणजे हातात साधं घड्याळ घालणं आणि ते जहाजाप्रमाणे लावणं.

आणखी एक गोष्ट. कार्यक्रमपत्रिकेवर 'संध्याकाळी 5' लिहिलेलं असतं ती जहाज सुटण्याची वेळ. 'ऑल अबोर्ड', म्हणजे सगळ्यांनी आत असण्याची वेळ, बहुतेकदा त्याच्या अर्धा तास आधीची असते. त्याच्याही तास-दीड तास आधी धक्क्यावर परत यायचं, असा हिशेब धरून उलटं मोजत यावं. म्हणजे सकाळी 8 ते संध्याकाळी 5 असे कागदावरचे नऊ तास प्रत्यक्षात सात-साडेसात उरतात.

जहाज कोणत्या धक्क्याला लागणार, हेही आधी कळतं. क्रूझ लाइन एजन्सीज ऑफ अलास्का ही संस्था बंदरनिहाय वेळापत्रकं प्रसिद्ध करते. त्यात त्या दिवशी आणखी किती जहाजं आहेत हेही दिसतं. गर्दीचा अंदाज घ्यायला याहून चांगलं साधन नाही.

जुनो : हिमनदी गावापासून वीस किलोमीटरवर

जुनो ही अलास्काची राजधानी. लोकसंख्या बत्तीस हजारांच्या आसपास, आणि बाहेरच्या जगाशी जोडणारा रस्ता नाही. ये-जा विमानाने किंवा बोटीने. मोठ्या जहाजांची गर्दी इतकी वाढली की 2024पासून दिवसाला पाच मोठ्या जहाजांची मर्यादा घालण्यात आली.

इथे बहुतेकांना बघायची असते मेंडेनहॉल हिमनदी. ती गावापासून सुमारे वीस किलोमीटरवर आहे. स्वतः जाण्याचे मार्ग तीन : धक्क्याजवळून सुटणारी शटल बस, टॅक्सी किंवा शहर बस. शहर बस सर्वांत स्वस्त, पण ती हिमनदीपर्यंत जात नाही. शेवटचे सुमारे अडीच किलोमीटर चालावं लागतं आणि परतीची बस चुकली तर पुढचीची वाट पाहावी लागते. ज्येष्ठ मंडळी सोबत असतील, तर इथे पैसे वाचवण्याचा मोह टाळलेला बरा. शटलची तिकिटं मात्र उतरल्यावर मिळतीलच असं नाही. हिमनदी परिसर वन खात्याच्या ताब्यात आहे आणि व्यावसायिक वाहतुकीच्या परवान्यांना मर्यादा आहे. त्यामुळे आधी बुकिंग करावं.

तिथे पोहोचल्यावर नगेट फॉल्सची पायवाट चुकवू नये. जाऊन-येऊन सुमारे तीन किलोमीटर, जवळपास सपाट. शेवटी तलावात कोसळणारा धबधबा, आणि पलीकडे हिमनदी. ती दरवर्षी मागे हटतेय, त्यामुळे जुन्या फोटोंशी तुलना केली तर फरक डोळ्यांना दिसतो. या परिसरात काळी अस्वलं येतात, म्हणून खाण्याचे पदार्थ बाहेर काढायचे नाहीत. डब्यातले पराठे जहाजाजवळ येऊन खावेत.

ऑगस्टमध्ये जाणाऱ्यांनी आदल्या दिवशी बातम्या पाहाव्यात. वरच्या सुइसाइड बेसिनमध्ये साठलेलं पाणी एकदम सुटून 2023 आणि 2024च्या ऑगस्टमध्ये मेंडेनहॉल खोऱ्यात पूर आला होता.

व्हेल बघायच्या बोटी गावातून नाही, तर ऑक बे इथून सुटतात. हिमनदी आणि व्हेल दोन्ही एकाच दिवशी करायचं असेल, तर दोन वेगळ्या बुकिंगपेक्षा दोन्ही जोडून देणारा एकच ऑपरेटर घ्यावा. मधल्या प्रवासाची जोखीम मग त्याची. आणि वेळ फारच कमी असेल, तर धक्क्याशेजारूनच माउंट रॉबर्ट्सवर जाणारी रोपवे ट्राम आहे. ढग खाली उतरलेले असताना मात्र वर जाऊन पांढऱ्या भिंतीखेरीज काही दिसत नाही, त्यामुळे तिचं तिकीट आधी काढण्यात अर्थ नाही.

स्कॅगवे : रेल्वे, आणि एक सीमा

स्वतः फिरण्यासाठी सर्वांत सोपं बंदर हेच. हजारभर वस्तीचं गाव, 1897-98च्या क्लोंडाइक गोल्ड रशमध्ये सोन्यासाठी आलेल्यांनी वसवलेलं. मुख्य रस्ता धक्क्यापासून चालण्याच्या अंतरावर आहे. राष्ट्रीय उद्यान विभागाचे रेंजर मोफत गावफेरी घडवतात आणि ती पैसे देऊन घेतलेल्या अनेक सहलींपेक्षा सरस असते. पाय साथ देत असतील, तर लोअर ड्यूई तलावाची सुमारे एक किलोमीटरची खडी चढण आहे.

इथलं आकर्षण म्हणजे व्हाइट पास अँड युकॉन रूट ही नॅरोगेज रेल्वे. 1898 ते 1900 या काळात डोंगर फोडून बांधलेली. माथेरानच्या गाडीची आठवण येईल, पण रूळ तिच्यापेक्षा एक फुटाने रुंद आहेत. सुमारे 32 किलोमीटरमध्ये गाडी जवळपास 870 मीटर चढते. तिकीट जहाजाकडूनही मिळतं आणि थेट रेल्वेकडूनही.

पण तिकिटावर नेमकं काय लिहिलंय ते वाचावं. शिखरापर्यंत जाऊन परतणाऱ्या गाडीतून कुणी उतरत नाही, त्यामुळे पासपोर्ट लागत नाही. पुढे फ्रेझर किंवा कारक्रॉसला जाणारी गाडी, तसंच एमराल्ड लेककडे जाणाऱ्या बस आणि भाड्याच्या गाड्या कॅनडात शिरतात. तिथे पासपोर्ट तपासला जातो. भारतीय प्रवाशाला कॅनडाचा व्हिसा हवा, आणि संध्याकाळी परत अमेरिकेत येताना अमेरिकेचा मल्टिपल एंट्री व्हिसाही. कुटुंबातल्या एकाकडे हे नसेल, तर सगळ्यांनी शिखराचीच गाडी घ्यावी.

सीमा ओलांडली की घड्याळाचाही घोळ होतो. उन्हाळ्यात पलीकडची वेळ अलास्काच्या एक तास पुढे असते. मोबाइल आपोआप तासभर उडी मारतो आणि उशीर झाला म्हणून उगीच घाबरगुंडी उडते. परत आल्यावर तो मागे आला नाही तरी एक वेळ चालेल. जुनीच वेळ डोक्यात धरून निवांत बसणं त्याहून वाईट.

केचिकान आणि बाकीची बंदरं

केचिकानमध्ये वर्षाला साडेतीन मीटरहून अधिक पाऊस पडतो. कोकणाइतकाच म्हणा, पण चार महिन्यांत धो-धो नाही, वर्षभर रिपरिप. छत्रीपेक्षा टोपीचं रेनकोट जॅकेट कामाला येतं. खाडीवर खांबांवर उभी असलेली क्रीक स्ट्रीट चालत बघता येते. उन्हाळ्याच्या उत्तरार्धात त्याच ओढ्यात सामन मासे प्रवाहाविरुद्ध चढताना दिसतात. टोटेम खांबांसाठी दक्षिणेला सॅक्समन आणि उत्तरेला टोटेम बाइट अशी दोन ठिकाणं आहेत, दोन्हीकडे बस जाते. सॅक्समन जवळ, चारेक किलोमीटरवर.

एक मेख : काही जहाजं, विशेषतः नॉर्वेजियन क्रूझ लाइनची, गावात न लागता वॉर्ड कोव्हला लागतात. तिथून गाव सुमारे अकरा किलोमीटर. शटल मोफत असली तरी रांग, प्रवास आणि परतीची रांग यांत दीड-दोन तास सहज जातात. गावातल्या धक्क्यावरून सुटणारी सहल बुक करण्याआधी आपलं जहाज कुठे लागतंय ते पाहावं.

सिटकालाही तसंच, धक्का गावाबाहेर. पण मोफत शटल आणि गाव चालण्यासारखं. 1867मध्ये रशियाने अलास्का अमेरिकेच्या हवाली केलं ते इथेच. आइसी स्ट्रेट पॉइंट हे हुना टोटेम कॉर्पोरेशन या स्थानिक आदिवासी कंपनीच्या मालकीचं बंदर आहे. तिथे स्वतः आखण्यासारखं फारसं नाही, पण अडीच-तीन किलोमीटर चालत हूना गावात गेलं की गर्दी मागे पडते. व्हिक्टोरियाला ओग्डन पॉइंटवरून इनर हार्बर अर्ध्या तासाची चाल. बुचार्ट गार्डन्स वीसेक किलोमीटरवर आहे. जहाज संध्याकाळी उशिरा पोहोचत असेल, तर तिकडे जाण्याचा बेत जहाजाच्या बससोबतच करावा.

खिशात काय असावं?

जहाजाचं कार्ड आणि फोटो ओळखपत्र हवंच. पासपोर्ट जवळ ठेवायचा की तिजोरीत, यावर मतं वेगळी आहेत. सीमा ओलांडायची असेल तर प्रश्नच नाही. एरवी किमान पासपोर्ट आणि व्हिसाच्या पानांचे फोटो मोबाइलमध्ये आणि एक प्रत कागदावर असावी. जहाजाच्या दैनंदिन पत्रकावर बंदरावरच्या एजंटचा फोन नंबर छापलेला असतो, त्याचा फोटो काढूनच खाली उतरावं. रोजची औषधं केबिनमध्ये न ठेवता दोन दिवस पुरतील इतकी सोबत घ्यावीत. उशीर होतोय असं वाटताच त्या एजंटला फोन करावा. धक्क्यावर पोहोचेपर्यंत थांबू नये.