वेढ्यातील कोबी : लेनिनग्राडचे मळे आणि त्यांची स्मृती (१९४१–१९४४)

अरिष्टकाळी शहराने आपल्याच मोकळ्या जागांत अन्न पिकवावे, ही घटना आधुनिक नागरी इतिहासात वारंवार आढळते. १८९३ च्या मंदीनंतर डेट्रॉइटचे महापौर हेझन पिंग्री यांनी पडीक जमिनी बेरोजगारांना बटाट्यांसाठी खुल्या केल्या. सोव्हिएत आधार तुटल्यावर १९९० च्या दशकात हवाना शहरात भाजीचे वाफे उभे राहिले. या परंपरेतील सर्वांत परिचित चित्र मात्र १९४२ मधील लेनिनग्राडचे आहे : सेंट आयझॅक चर्चच्या भव्य घुमटासमोर कोबीच्या रांगा. या चित्राचे वाचन बहुधा ‘मळ्यांनी शहर वाचवले’ असे केले जाते. कालक्रम तपासला असता हे वाचन अपुरे ठरते.

८ सप्टेंबर १९४१ रोजी जर्मन सैन्याने लेनिनग्राडचा जमिनीवरील संपर्क तोडला. २० नोव्हेंबर ते २५ डिसेंबर या काळात कामगारांना दररोज २५० ग्रॅम, तर इतर बहुतेक नागरिकांना, मुलांसह, १२५ ग्रॅम पाव मिळत होता. त्यातही भेसळीचा अंश मोठा होता. वेढ्यातील बहुसंख्य मृत्यू याच पहिल्या हिवाळ्यात आणि त्यापाठोपाठच्या महिन्यांत झाले. युद्धोत्तर अधिकृत आकडा सुमारे ६,३२,००० होता. पुढील संशोधकांनी तो आठ ते दहा लाखांपर्यंत नेला. गोठलेल्या लादोगा सरोवरावरून एप्रिल १९४२ पर्यंत साडेपाच लाखांच्या आसपास लोक बाहेर नेण्यात आले. म्हणजेच पहिला वाफा खणला जाण्यापूर्वीच खाणारी तोंडे निम्म्याहून अधिक कमी होण्याच्या मार्गावर होती. मळ्यांचे यश मोजताना हा हिशेब विसरता येत नाही.

१९४२ च्या वसंतात प्रशासनाने कारखाने व कामगार संघटनांच्या मार्फत जमिनीचे तुकडे वाटले. मार्स मैदान, ग्रीष्मोद्यान, चौकांतील हिरवळी, सर्वत्र कोबी, गाजर, बीट लावले गेले. खणणारे हात उपासमारीने क्षीण झालेले होते. तरीही या श्रमाचे मोल निर्विवाद आहे : पाइनच्या सुयांचा काढा पिऊन स्कर्व्हीशी झुंजणाऱ्यांना ताजी पालेभाजी मिळाली आणि दुसरा हिवाळा पहिल्यासारखा गेला नाही. अर्थात त्यात लादोगामार्गे आलेल्या पुरवठ्याचा आणि जानेवारी १९४३ मध्ये वेढा अंशतः फुटल्याचा वाटाही मोठा होता.

ज्या चौकात कोबी वाढत होता त्याच चौकात वनस्पती-उद्योग संस्थेची इमारत उभी होती. तेथे निकोलाय वाविलोव्ह यांनी जगभरातून जमवलेले बियाणे साठवलेले होते. भातविशारद द्मित्री इवानोव्ह आणि भुईमूगतज्ज्ञ अलेक्सांदर श्चुकिन त्या साठ्याच्या सान्निध्यात उपासमारीने मरण पावले, पण त्यांनी त्यातील दाणा खाल्ला नाही. स्वतः वाविलोव्ह १९४० पासून स्टालिनच्या तुरुंगात होते; जानेवारी १९४३ मध्ये सारातोव्ह येथील कारागृहात कुपोषणाने त्यांचा अंत झाला. एकीकडे आजचे पोट भरणारा वाफा, दुसरीकडे उद्याच्या पिकांसाठी न खाल्लेले बी, आणि या दोहोंवर सत्ता गाजवणारे, आपल्याच वैज्ञानिकाला उपाशी मारणारे राज्य. कोबीच्या छायाचित्रात हे तिन्ही घटक एकत्र दिसत नाहीत.

स्मृतीचे राजकारण येथूनच सुरू होते. व्हेरा इनबर यांची वेढ्यातील दैनंदिनी १९४६ मध्ये प्रकाशित होऊन सन्मानित झाली. त्याच वर्षी रीतसर खुले झालेले संरक्षण-संग्रहालय मात्र १९४९ मध्ये बंद करण्यात आले. ते १९८९ मध्ये पुन्हा उघडले. लिदिया गिंझबुर्ग यांच्या वेढ्यातील माणसाच्या नोंदी १९८४ पर्यंत छापून येऊ शकल्या नाहीत. त्यांच्या ‘एन’ या पात्राच्या ठायी भूक ही शौर्याची पार्श्वभूमी न राहता विचारप्रक्रियाच व्यापून टाकणारी अवस्था होते. राज्याला हवी असलेली कथा पिकाची होती. गिंझबुर्ग यांनी भुकेची लिहिली.

समकालीन बंगालशी तुलना केल्यास हा भेद अधिक स्पष्ट होतो. १९४३ पर्यंत हिंदुस्थानातही ‘अधिक धान्य पिकवा’ मोहीम सुरू झाली होती. परंतु कोलकात्याच्या रस्त्यांवर मरणारे लोक मुख्यतः खेड्यांतून आलेले, म्हणजे अन्न पिकवणाऱ्या वर्गातीलच होते. अमर्त्य सेन यांनी १९८१ मध्ये मांडल्याप्रमाणे प्रश्न केवळ धान्याच्या उपलब्धतेचा नव्हता, त्यावरील हक्काचा होता. बिभूतिभूषण बंद्योपाध्याय यांच्या ‘अशनि संकेत’ या कादंबरीचा विषय हाच ग्रामीण दुष्काळ आहे. लेनिनग्राडमध्ये शहर उपाशी होते आणि त्याला बाहेर जाण्याची वाट नव्हती. बंगालमध्ये उपाशी खेडे शहराच्या दाराशी आले होते.

या दोन अनुभवांतून निष्पन्न होणारा निष्कर्ष मर्यादित, पण महत्त्वाचा आहे. नागरी मळा अरिष्टाचे निवारण करत नाही. अरिष्टातून उरलेल्यांना तो पुढील हिवाळ्यापर्यंत नेतो. त्यासाठीही जमिनीवरील हक्क, बियाणे आणि ते जाणणारी माणसे आधीपासून जपलेली असावी लागतात. वेढ्याच्या साहित्याचा अभ्यास करताना कोबीच्या रांगा पाहाव्यातच. पण त्या लावल्या जाण्यापूर्वी चौक ओलांडून गेलेल्या आणि पुन्हा न परतलेल्या माणसांची नोंद कोणत्या संहितेत आहे, हा प्रश्न त्यासोबत विचारणे आवश्यक ठरते.