रेकॉर्डच्या कव्हरमागची नावं

जॅझवर बोलायचं म्हटलं की वादकांचे किस्से निघतात. आज आम्ही ऐकणाऱ्यांबद्दल बोलणार आहोत, कारण इतिहासात त्यांची दखल फारशी कोणी घेत नाही.

मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात १९३५ साली लिऑन अ‍ॅबी या कृष्णवर्णीय अमेरिकन व्हायोलिनवादकाचा बँड वाजत होता. गोव्याची मुलं चर्चच्या शाळेत स्वरलिपी शिकून आलेली, ती या बँडवाल्यांकडे कान लावून बसली आणि तयार झाली. मात्र हॉटेलात संगीत असतं ते नाचापुरतं. नुसतं बसून, गप्प राहून ऐकायचं आणि मग तावातावाने वाद घालायचा, हे मंडळ वेगळं. निरंजन झवेरी आणि त्यांच्या मित्रांनी १९५२ साली मुंबईत ‘ब्लू ऱ्हिदम’ नावाचं जॅझचं मासिक काढलं. ते फार चाललं नाही. पण याच झवेरींनी पुढे १९७८ साली रंगभवनात ‘जॅझ यात्रा’ भरवली आणि सॉनी रोलिन्ससारखा सॅक्सोफोनवादक तिथे वाजवून गेला.

आता जरा तत्त्वज्ञानाकडे वळतो. जुनी खोड आहे. जॅझमधली उपज एकदाच घडते, आपल्या ख्यालासारखी. मग दहा जणांनी तिच्यावर भांडायचं कसं? रेकॉर्डमुळे! एकदाच घडलेलं पुन्हा पुन्हा ऐकता येतं, म्हणून मतभेद तपासता येतात. ७८च्या तबकडीत तीनेक मिनिटं मिळायची. एलपीच्या एका बाजूवर वीसएक मिनिटं मिळू लागली, तेव्हा वादक खरा मोकळा झाला. माइल्स डेव्हिसचा १९५९चा ‘काइंड ऑफ ब्लू’ घ्या. भराभर बदलणाऱ्या कॉर्डऐवजी एकेक स्वरसप्तक धरून सावकाश विस्तार. रागाची सवय असलेल्या नाशिककर कानांना तो परका वाटू नये. (राग नव्हे हो तो! साम्य आहे, नातं नाही.)

आणि या मंडळींची एक सवय आम्हाला फार मोलाची वाटते. रेकॉर्ड हातात आली की आधी कव्हर उलटायचं. ड्रमवर कोण? जिमी कॉब. बासवर? पॉल चेंबर्स. साथीदाराचं नाव माहीत नसेल तर ऐकणं पुरं झालं नाही, असा दंडकच.

हा दंडक आपल्या सिनेसंगीताला लावून पाहा. सी. रामचंद्र आपल्या शेजारच्या पुणतांब्याचे. त्यांच्या संगीतात स्विंग आला, त्यात अँटोनियो झेवियर वाझ ऊर्फ चिक चॉकलेट या ट्रंपेटवादकाचा मोठा हात. गोव्यातल्या हळदोण्यात जन्मलेला हा माणूस अण्णांचा सहायक होता. ‘अलबेला’त, १९५१ साली, तो बँडसकट पडद्यावरही दिसतो. तबकडीवर मात्र गायकाचं आणि संगीतकाराचं नाव. गोव्याच्या कितीतरी वादकांनी दिवसा स्टुडिओत आणि रात्री हॉटेलात आयुष्य काढलं. स्टुडिओतलं त्यांचं काम बिननावाचं राहिलं. हा हिशेब कानानेच लागेल: फुंक कोणाची, सूर लावायची ढब कोणाची. ओळखू शकणारी माणसं आता थोडी उरलीत, आणि तीही आमच्याच वयाची.

तेव्हा आता बोलणं थांबवून ‘अलबेला’ची तबकडी लावतो. शब्दांकडे लक्ष देऊ नका, ट्रंपेट ऐका.