मशेरी

तंबाखू भाजून केलेली काळी पूड. दात घासण्यासाठी महाराष्ट्रात व गोव्यात वापरली जाते. ‘मिश्री’ असेही म्हणतात. तव्यावर तंबाखूची पाने काळी, कुरकुरीत होईपर्यंत भाजतात आणि चुरून डबीत भरतात. भाजताना उठणारा ठसका घरभर पसरतो. वापर प्रामुख्याने स्त्रियांत, विशेषतः ग्रामीण व कष्टकरी वर्गात आढळतो. चिमूटभर पूड तर्जनीने दात-हिरड्यांवर चोळतात, बराच वेळ तोंडात धरतात, मग चूळ भरतात.

दात स्वच्छ होतात हा समज चुकीचा आहे. हिरड्यांतून निकोटीन रक्तात उतरते, म्हणून तरतरी येते आणि ‘मशेरी लावल्याशिवाय पोट साफ होत नाही’ ही तक्रारही खरी वाटते. ते व्यसनाचेच लक्षण. सकाळची एक वेळ पुढे दिवसातून अनेकदा होते. दात काळवंडतात, हिरड्या मागे सरतात, गालाच्या आतून पांढरे चट्टे उठतात. त्यांतील काही कर्करोगात बदलू शकतात. गर्भवतीने मशेरी लावल्यास बाळ कमी वजनाचे जन्मण्याचा धोका वाढतो.

तंबाखूयुक्त टूथपेस्ट व दंतमंजनांवर भारतात १९९२ मध्ये बंदी आली, पण घरच्या तव्यापर्यंत ती पोहोचली नाही. दातांसाठी मऊ ब्रश व फ्लोराइडयुक्त पेस्ट दिवसातून दोनदा पुरते. मशेरी सोडण्यासाठी १८००-११२-३५६ या राष्ट्रीय क्रमांकावर मोफत सल्ला मिळतो.