गर्भवतीच्या ताटाचा इतिहास: मुंबई, पुणे आणि नाशिक

१/ नाशिकच्या द्वारका चौकात मुंबई-आग्रा महामार्गाला पुण्याचा रस्ता मिळतो. जिल्ह्यातील भाजीपाला या वाटांनी दोन्ही महानगरांकडे जातो. गर्भवतीने काय खावे, या प्रश्नावरचे जगाने दखल घेतलेले संशोधन याच दोन शहरांच्या परिसरात घडले, आणि त्यात पालेभाजीला मोठे स्थान होते.

२/ १९२८ साली डॉ. ल्युसी विल्स या ब्रिटिश संशोधिका मुंबईत आल्या. गिरणी कामगार व इतर गरीब कुटुंबांतील गर्भवतींना जडणाऱ्या एका प्राणघातक रक्तक्षयाचे कारण त्यांना शोधायचे होते. हाफकिन संस्था हे त्यांच्या कामाचे केंद्र होते.

३/ रुग्ण स्त्रियांच्या आहारात फळे-भाज्या अत्यल्प असल्याचे त्यांच्या ध्यानी आले. आधी प्राण्यांवर आणि मग रुग्णांवर त्यांनी ‘मार्माइट’ या यीस्टच्या अर्काचा प्रयोग केला. स्त्रिया झपाट्याने बऱ्या झाल्या. १९३१ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्या अज्ञात घटकाला पुढे ‘विल्स फॅक्टर’ हे नाव मिळाले.

४/ १९४१ मध्ये अमेरिकेतील टेक्सास येथे पालकाच्या पानांतून एक द्रव्य वेगळे करण्यात आले. ‘पान’ या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून त्याचे नाव ठेवले गेले फॉलिक ॲसिड. विल्स यांचा घटक तो हाच. आज गर्भवतींना दिल्या जाणाऱ्या लोहाच्या गोळीत तो असतो.

५/ १९९३ मध्ये पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक व सहकाऱ्यांनी पुण्याजवळच्या सहा गावांत अभ्यास सुरू केला. तेथील नवजात बाळांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो होते. आईने एकूण किती उष्मांक व प्रथिने घेतली, याचा बाळाच्या आकाराशी संबंध आढळला नाही. दूध, पालेभाज्या व फळे यांचा मात्र आढळला.

६/ आणखी दोन गोष्टी समोर आल्या. गरोदरपणी शेतात व घरात अधिक कष्ट उपसणाऱ्या स्त्रियांची बाळे लहान होती. शिवाय सुमारे दोन तृतीयांश मातांमध्ये बी-१२ जीवनसत्त्व कमी होते, आणि ते पालेभाजीतून मिळत नाही. म्हणजे एकटी फॉलिक ॲसिडची गोळी पुरेशी नव्हती.

७/ तरीही शंका उरतेच. पालेभाजी व दूध परवडणारे घर मुळातच सुस्थितीतले असू शकते. मग श्रेय भाजीचे की परिस्थितीचे? त्याच्या उत्तरासाठी २००६ मध्ये मुंबईच्या झोपडपट्ट्यांत ‘सरस’ प्रकल्प सुरू झाला. ६ हजारांहून अधिक स्त्रियांचे चिठ्ठी टाकल्यासारखे दोन गट पाडण्यात आले. एका गटाला पालेभाजी, फळे व दूध घातलेला खाऊ मिळे. दुसऱ्याला बटाटा-कांद्यासारख्या भाज्यांचा.

८/ सर्व मातांचा एकत्र विचार करता बाळांच्या वजनात ठळक फरक दिसला नाही. गर्भधारणेच्या किमान तीन महिने आधीपासून खाऊ घेणाऱ्यांच्या बाळांचे वजन मात्र सरासरी ४८ ग्रॅमने अधिक भरले. गरोदरपणीचा मधुमेहही पालेभाजीच्या गटात कमी आढळला.

९/ या प्रयोगातील सर्वांत कठोर निष्कर्ष वेगळाच होता. अतिशय कृश मातांच्या बाळांना वजनाचा हा लाभ झाला नाही. वर्षानुवर्षांची उपासमार काही महिन्यांच्या खाऊने भरून निघत नाही.

१०/ पेठ, सुरगाणा हे नाशिकचे आदिवासी तालुके. अशा अनुसूचित क्षेत्रांत २०१५ पासून अमृत आहार योजनेतून गर्भवती व स्तनदा मातांना दररोज एक वेळचे चौरस, गरम जेवण दिले जाते. त्या ताटाचे मोल मोठे आहे. पण ते वाढले जाते स्त्री गर्भवती झाल्यावर. बाळाचे पोषण त्याच्याही आधी, आई स्वतः मुलगी असताना सुरू झालेले असते. पुणे आणि मुंबईच्या संशोधनाने धोरणापुढे ठेवलेला प्रश्न हाच आहे: त्या मुलीच्या ताटात आज काय आहे?