शरणपूरची मुले : नाशिकच्या मिशन शाळेपासून मोंबासापर्यंत

१/ १८ एप्रिल १८७४. लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये डॉ. डेव्हिड लिव्हिंग्स्टन यांचा अंत्यविधी चालू होता. शवपेटीच्या मानकऱ्यांत नामवंत इंग्रज गृहस्थांबरोबर एक आफ्रिकी तरुण होता. त्याचे नाव जेकब वेनराइट. आणि त्याची शाळा होती नाशिकजवळच्या शरणपुरात.

२/ आफ्रिकेतला मुलगा नाशिकला आला कसा? एकोणिसाव्या शतकात पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून गुलामांनी भरलेली गलबते अरबस्तानाकडे आणि इराणच्या आखाताकडे जात. ब्रिटिश आरमार त्यांतली काही पकडत असे. सुटलेल्या मुलांना घरी धाडणे अशक्य होते. गावे उद्ध्वस्त झालेली, आप्त विकले गेलेले, आणि परतीच्या वाटेवरचे बंदर म्हणजे पुन्हा गुलामांचाच बाजार. त्यामुळे अनेक मुले मुंबईत उतरवली जात.

३/ नाशिक गावाबाहेर १८५४ मध्ये चर्च मिशनरी सोसायटीचे विल्यम सॉल्टर प्राइस यांनी एक वसाहत उभारली. धर्मांतरामुळे घरादाराला मुकलेल्यांना आसरा मिळावा, हा हेतू. म्हणून नाव शरणपूर. तेथे देऊळ, शाळा आणि कारखाना होता. १८६० च्या सुमारास मुंबईतल्या मुक्त आफ्रिकी मुलांचा आश्रमही येथे आला.

४/ येथे लेखन-वाचनाबरोबर सुतारकाम, लोहारकाम यांसारखे हाताला पोट देणारे धंदे शिकवत. मुलीही शिकत. मुलांना नवी नावे मिळाली, त्यांतली काही थेट मिशनऱ्यांचीच : प्राइस, आयझेनबर्ग. मबरुकी, बराका अशी थोडी जुनी नावे टिकली. बहुतेकांची मूळ नावे मागे पडली.

५/ या शाळेचे वेगळेपण येथेच आहे. एरवी वसतिगृहातले मूल सुट्टीत घरी जाते. शाळा हा त्याच्या आयुष्यातला एक मुक्काम असतो. शरणपूरच्या आफ्रिकी मुलांना दुसरे घरच नव्हते. त्यांच्या जमाती वेगळ्या, मातृभाषा वेगळ्या. सामाईक म्हणावी अशी भाषा इंग्रजी आणि हिंदुस्तानी, तीही इथेच मिळालेली. वर्गमित्र हेच भाऊबंद.

६/ पहिली पाठवणी १८६४ मध्ये झाली. विल्यम जोन्स, इश्माएल सेमलर आणि जॉर्ज डेव्हिड हे तिघे मोंबासाजवळच्या रबाई येथे गेले. तेथे योहान्स रेबमान हा जर्मन मिशनरी अनेक वर्षे जवळजवळ एकाकीच काम करीत होता.

७/ १८६५ मध्ये लिव्हिंग्स्टन मुंबईस आले. आफ्रिकेच्या अंतर्भागातील मोहिमेसाठी त्यांना माणसे हवी होती. ते नाशिकला गेले आणि शरणपूरचे नऊ तरुण त्यांच्याबरोबर निघाले. १८६६ च्या आरंभी ही तुकडी झांझिबारला पोहोचली.

८/ ही गोष्ट केवळ स्वामिनिष्ठेची नाही. लिव्हिंग्स्टन यांच्या रोजनिशीत या मुलांविषयी तक्रारीही आहेत. काही जण मोहीम सोडून गेले, काही वाटेत मेले. ज्या प्रदेशातून त्यांना पळवून नेले होते, त्याच प्रदेशात ओझी वाहत परतणे त्यांना काय वाटले असेल, हे रोजनिशी लिहिणाऱ्याने क्वचितच विचारले. एडवर्ड गार्डनर आणि मबरुकी मात्र अखेरपर्यंत राहिले.

९/ १८७२ मध्ये लिव्हिंग्स्टन यांच्या मदतीसाठी दुसरी तुकडी निघाली. तीत शरणपूरचे आणखी सहा जण होते : जेकब व जॉन वेनराइट, मॅथ्यू वेलिंग्टन, कारस फरार, रिचर्ड व बेंजामिन रटन. ऑगस्टमध्ये ते उन्यान्येंबेला (आजच्या टांझानियात) पोहोचले. नाशिकपासून हजारो मैलांवर, आफ्रिकेच्या मध्यभागी एकाच शाळेचे थोरले आणि धाकटे विद्यार्थी एका छावणीत आले.

१०/ १ मे १८७३ रोजी चितांबो यांच्या गावी (आजच्या झांबियात) लिव्हिंग्स्टन वारले. देह समुद्रापर्यंत न्यायचा, असे सोबत्यांनी ठरवले. नेतृत्व सुसी आणि चुमा यांचे होते. सुसी शरणपूरचा नव्हता. चुमा मुंबईत डॉ. जॉन विल्सन यांच्या शाळेत काही काळ शिकला होता. हृदय झाडाखाली पुरले, देह मीठ लावून वाळवला.

११/ शरणपूरची शाळा येथे कामाला आली. जेकबने प्रार्थना वाचली, सामानाची यादी केली, झाडावर नाव व तारीख कोरली. पुढे वाटेत त्याने लिहिलेले पत्र घेऊन चुमा पुढे गेला, आणि शोधमोहिमेवरच्या लेफ्टनंट कॅमेरॉन यांना मृत्यूची खात्रीची वार्ता मिळाली. जी बातमी ऐकून इंग्लंड हळहळले, ती आधी नाशिकमध्ये शिकलेल्या एका हाताने कागदावर उतरवली होती.

१२/ काफिला फेब्रुवारी १८७४ मध्ये बागामोयोला पोहोचला. सुमारे नऊ महिन्यांची पायपीट. मिशनने खर्च केला म्हणून जेकब इंग्लंडला जाऊ शकला. सुसी आणि चुमा यांना पुढे बोलावले गेले. तोवर अंत्यविधी उरकला होता.

१३/ इकडे १८७३ मध्ये मुंबईचे माजी गव्हर्नर बार्टल फ्रियर यांच्या शिष्टाईनंतर झांझिबारच्या सुलतानाने समुद्रमार्गे चालणारा गुलामांचा व्यापार बंद करण्याचा करार केला. मुक्त माणसांना आफ्रिकेतच वसवता येईल, असे ठरले. १८७५ मध्ये मोंबासाजवळ ‘फ्रियर टाउन’ उभे राहिले. उभारणाराही ओळखीचाच : शरणपूरचे प्राइस. त्यांच्यामागून शरणपूरच्या आफ्रिकी माजी विद्यार्थ्यांची कुटुंबे तेथे गेली. पांगलेला वर्ग पुन्हा एका गावात भरला.

१४/ तेथे त्यांना नाव पडले ‘बॉम्बे आफ्रिकन्स’. शिक्षक, उपदेशक, दुभाषे, सुतार, लोहार अशी वसाहतीची बहुतेक कामे त्यांच्या हाती होती. पण पोशाख निराळा, बोलणे इंग्रजी-हिंदुस्तानी, स्वाहिली अर्धीमुर्धी. जन्माने आफ्रिकी असूनही स्थानिकांच्या दृष्टीने ते परकेच. हिंदुस्थानात ‘आफ्रिकी’ आणि आफ्रिकेत ‘बॉम्बेवाले’!

१५/ गोऱ्या मिशनऱ्यांशीही त्यांचे खटके उडाले. काम बरोबरीचे, मान आणि मोबदला कमी. वसाहतीत फटक्यांच्या शिक्षाही होत. १८८१ मध्ये हे प्रकरण लंडनपर्यंत गाजले आणि घडी बसवण्यासाठी प्राइस यांना पुन्हा धाडावे लागले. गुलामीतून सुटलेल्यांच्या गावात चाबूक, ही विसंगती त्यांना सांगावी लागत नव्हती.

१६/ खरी कसोटी रबाईला लागली. किनाऱ्यावरच्या मालकांकडून पळालेले गुलाम विल्यम जोन्स यांच्या आश्रयाला येऊ लागले. त्यांना ठेवून घेणे म्हणजे मालकांशी वैर आणि मिशनच्या वरिष्ठांची नाराजी. तरी ते राहिले. वाद इतका पेटला, की अखेर ब्रिटिश ईस्ट आफ्रिका कंपनीने मालकांना भरपाई दिली आणि १ जानेवारी १८८९ रोजी सुमारे १,४०० जणांना मुक्ततेचे दाखले मिळाले. एकेकाळी स्वतः शरण आलेला मुलगा आता इतरांना शरण देत होता.

१७/ त्याआधी १८८५ मध्ये बिशप हॅनिंग्टन यांनी जोन्स आणि सेमलर यांना दीक्षा दिली होती. त्याच वर्षी हॅनिंग्टन बुगांडाच्या वाटेवर मारले गेले. मागे राहिलेला काफिला १८८६ मध्ये रबाईला सुखरूप परत आणणारे होते जोन्स.

१८/ जेकब वेनराइट १८९२ मध्ये उरांबो येथे वारला. ॲबेतल्या मानाने त्याच्या पुढच्या आयुष्यात फारसे काही बदलले नाही. मॅथ्यू वेलिंग्टन दीर्घकाळ जगला. १९३५ मध्ये त्याच्या निधनाबरोबर त्या अंत्ययात्रेचा अखेरचा साक्षीदार गेला.

१९/ मोंबासात कोंगोवेया भागात फ्रियर टाउनची घंटा आजही आहे. गुलाम पकडणारे येताना दिसले, की ती वाजवत. नाशिकमध्ये शरणपूर रस्त्यावरून रोज हजारो लोक जातात. त्या नावातले ‘शरण’ कुणाकुणाला मिळाले होते, याची आठवण मात्र आता नाशिकपेक्षा मोंबासातच अधिक जागी आहे.

(समाप्त)