मानमोडीच्या सालातली आजी

दरवर्षी ३१ मे रोजी महाराष्ट्रातल्या सरकारी कचेऱ्यांत आणि शाळांत निरोपसमारंभांची गर्दी होते. कितीतरी जणांचा जन्म कागदोपत्री १ जूनचा असतो, आणि महिन्याच्या एक तारखेला जन्मलेला सरकारी नोकर आदल्या दिवशीच निवृत्त होतो. शाळा जूनमध्ये भरायची. गुरुजी घरोघर फिरून पोरं गोळा करायचे, आईबापांना तारीख सांगता यायची नाही, मग पटावर १ जून पडायचा. माझ्या वडिलांचाही तसाच पडला.

आजीला ती तारीख कधीच पटली नाही. "माझा लेक बेंदराच्या दुसऱ्या दिवशी झाला. बैलांच्या शिंगांचा हिंगूळ वाळला नव्हता अजून," असं ती ठासून सांगायची. वडिलांना ओवाळायचंही त्याच दिवशी: ताम्हणात निरांजन, हळदकुंकू, अक्षता, सुपारी, नि तिच्या बोटातली अंगठी. ब्राह्मणांच्या घरी वाढदिवसाला मार्कंडेयाची पूजा होई, तीळगूळ घातलेलं दूध प्यायला देत. आमच्याकडे औक्षण आणि गोडाचा घास, एवढंच.

आमचं गाव पाटण तालुक्यातलं. माझा चुलतभाऊ 'भूकंपातला'. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला, तेव्हा काकी ओली बाळंतीण होती. तिला बाजेसकट अंगणात आणलं नि मागे भिंत बसली. पाचवी पुजली ती गोठ्यात. सटवाई रात्री येऊन बाळाचं नशीब लिहिते, म्हणून कोरा कागद नि लेखणी ठेवायची असते. पडलेल्या घरात कागद कुठला? आजीनं शेजारच्या पोराच्या वहीचं पान मागून आणलं. माण तालुक्यात दिलेल्या आत्याची लेक १९७२ च्या दुष्काळातली. आत्या सातव्या महिन्यापर्यंत खडी फोडत होती आणि कामावर मिळणाऱ्या सुकडीवर तिनं दिवस काढले.

मला आजीचा हिशेब पटावरच्या तारखेपेक्षा खरा वाटतो. त्यात बाळाबरोबर आईचे हालही नोंदलेले असतात.

आजी स्वतः मानमोडीच्या सालातली, म्हणजे १९१८ च्या इन्फ्लुएंझाच्या साथीतली. तिच्या आईनं तिला सांगितलेलं होतं, की त्या दसऱ्याला ती सात महिन्यांची पोटुशी होती, घरोघर माणसं तापानं पडलेली, सोनं वाटायलाही कुणी बाहेर निघालं नाही. पुढे आजीचं सहस्रचंद्रदर्शन करायचं ठरलं, तेव्हा वडिलांनी हाच धागा धरला. दसऱ्याला सातवा, म्हणजे जन्म मार्गशीर्षाच्या सुमाराचा. हजार पौर्णिमांना ऐंशी वर्षं नि साधारण दहा महिने लागतात. हिशेब १९९९ च्या दसऱ्याच्या आसपास आला, म्हणून कार्यक्रम दसऱ्यालाच केला. आजीला सोनं द्यायला सगळं गाव आलं होतं.