डिसोजा हे नाव आले कोठून?

कल्याण किंवा डोंबिवली येथील धर्मग्रामात डिसोजा आडनावाची चार-पाच कुटुंबे सहज आढळतात. त्यांपैकी एक ठाण्याच्या जुन्या गावठाणातले, दुसरे वसईचे, तिसरे गोव्यातील बारदेशचे, तर चौथे नोकरीनिमित्त मंगळूरहून आलेले असते. घरातली बोली वेगळी, लग्नातले विधी वेगळे, आजोळे वेगळी. या कुटुंबांत रक्ताचे नाते बहुधा नसतेच. तरीही शेजारीपाजारी आपल्या मुलांना विचारतात, ‘तुम्ही मूळचे पोर्तुगीज का?’ आणि मुले घरी येऊन तोच प्रश्न आईवडिलांना करतात. आडनावाचे मूळ आणि घराण्याचे मूळ या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे ध्यानी घेतल्यावाचून या प्रश्नाचे उत्तर देता येत नाही.

युरोपातील पुष्कळ आडनावे पूर्वजाच्या नावावरून पडली. आयर्लंडमधील ‘ओ’ म्हणजे वंशज आणि ‘मॅक’ म्हणजे पुत्र, इ.स. १०१४ मध्ये क्लॉन्टार्फच्या लढाईच्या दिवशी मारल्या गेलेल्या ब्रायन बोरू या राजाचे वंशज ते ओब्रायन. आपल्याकडे परिचित असलेली रॉड्रिग्ज, फर्नांडिस, लोपीस ही नावेही याच जातीची : रॉड्रिगोचा मुलगा, फर्नांडोचा मुलगा, लोपोचा मुलगा. डिसोजा मात्र यांत बसत नाही. पोर्तुगीज भाषेत ‘द’ हा शब्द ‘चा’ किंवा ‘कडील’ या अर्थाने येतो. तेव्हा ‘द सोझा’ म्हणजे सोझाकडील. आपल्या नाशिककर, पुणेकर यांच्या पंगतीला बसणारेच हे नाव.

सोझा ही उत्तर पोर्तुगालमधील एक लहानशी नदी. पोर्तो शहराच्या पूर्वेकडील टापूतून वाहत येऊन ती डोरू नदीला मिळते. अकराव्या शतकात तिच्या खोऱ्यातील एका सरदार घराण्याने हे नाव धारण केले. पुढे तेराव्या शतकात या घराण्याचा पुरुषवंश खुंटला. घराण्यातील मुलींचे विवाह राजा तिसरा अफोन्सो याच्या अनौरस पुत्रांशी झाले आणि त्यांच्या संततीने आजोळचे सोझा हे नाव चालविले. म्हणजे प्रत्यक्ष पोर्तुगालातही हे नाव बापाकडूनच आले असे नाही. एका घरातील एक मुलगा पित्याचे व दुसरा आजोळचे आडनाव लावी, असे प्रकार त्या देशात सर्रास घडत.

याच घराण्याच्या एका शाखेतील मार्तिम अफोन्सो द सोझा हा १५३४ साली आरमाराचा प्रमुख म्हणून हिंदुस्थानात आला. त्याच वर्षाच्या डिसेंबरात गुजरातचा सुलतान बहादूरशहा याने तहान्वये वसई व तिचा मुलूख पोर्तुगीजांच्या हवाली केला. मार्तिम अफोन्सो मायदेशी परतला आणि गव्हर्नर म्हणून पुन्हा निघाला, तेव्हा त्याच्याच जहाजावर संत फ्रान्सिस झेवियर होते. ते ६ मे १५४२ रोजी गोव्यास उतरले. एवढ्यावरून आपल्याकडील सारे डिसोजा या गव्हर्नराचे, असा समज करून घेणे भाबडेपणाचे होईल. त्या काळी शिपाई, खलाशी, व्यापारी आणि धर्मगुरू यांच्यातही सोझा नावाची माणसे होतीच.

नाव लोकांपर्यंत पोहोचले ते बाप्तिस्म्याच्या कुंडापाशी. नवख्रिस्ती व्यक्तीला ख्रिस्ती नाव मिळे आणि त्याबरोबर आडनावही. ते बहुधा धर्मपित्याचे असे, कधी संस्कार देणाऱ्या धर्मगुरूचे. एकच धर्मपिता अनेकांना लाभला तर नाते नसलेली कुटुंबे एका नावाची होत, आणि सख्ख्या भावांना निरनिराळे धर्मपिते लाभले तर एकाच घरात दोन आडनावे नांदत. पोर्तुगीज पित्याची संतती मुळीच नव्हती असे नाही. वसईचे संत गोन्सालो गार्सिया यांचे पिता पोर्तुगीज व माता येथील होती. पण गावेच्या गावे ख्रिस्ती झाली तेथे आडनाव म्हणजे पितृत्वाचा दाखला नव्हे, बाप्तिस्म्याची आठवण होय. गोव्यात गावकरीतील कुळाला ‘वांगड’ म्हणतात. नवे आडनाव आले तरी ही जुनी कुळे राहिली.

पुढे राज्ये बदलली. मराठ्यांनी १७३७ मध्ये ठाणे आणि १७३९ मध्ये वसई घेतली. १७७४ मध्ये ठाणे इंग्रजांकडे गेले. पोर्तुगीज सत्ता उठून गेली, नावे राहिली. गोव्याहून कानडा मुलखात स्थलांतर केलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनी तीच नावे मंगळूरकडे नेली होती. १८५३ मध्ये आगगाडी ठाण्यापर्यंत, पुढच्या वर्षी कल्याणपर्यंत आली आणि मुंबई इलाख्यात पोटापाण्यासाठी येणाऱ्यांचा ओघ वाढला. तेव्हा कचेऱ्यांतून एक पेच पडला : अर्जावरील नाव पाहून उमेदवार गोव्याचा, मंगळूरचा की साष्टी-ठाण्याचा, हे कसे ओळखावे? राणी व्हिक्टोरियाच्या सुवर्णमहोत्सवाच्या वर्षी, १८८७ मध्ये, येथील मूळच्या ख्रिस्ती समाजाने ‘ईस्ट इंडियन’ हे नाव घेतले, त्यामागे हाही पेच होता. आपण ईस्ट इंडिया कंपनीच्या काळापासूनची प्रजा आहोत, हे त्यांना सरकारच्या नजरेस आणावयाचे होते. एका परदेशी आडनावाने घातलेला घोळ दुसऱ्या परदेशी नावाने निस्तरावा लागला, ही गंमत नजरेआड करता येत नाही!

लेखनाचीही कथा आहे. पोर्तुगालात १९११ च्या शुद्धलेखन-सुधारणेनंतर या नावात ‘एस’ हे अक्षर रूढ झाले, उच्चार मात्र ‘सोझा’च राहिला. आपल्याकडे इंग्रजी वळणाने जुना ‘झेड’ आणि ‘डी’पुढचा ॲपॉस्ट्रॉफी टिकला. मराठीत डिसोजा, डिसोझा, डिसूझा अशी तिन्ही रूपे दिसतात, आणि एका घरातील दोन भावांच्या शाळेच्या दाखल्यांवर ती वेगवेगळीही सापडतात.

ज्यांना आपल्या घराण्याचा माग काढावयाचा असेल त्यांनी आडनावाच्या मागे लिस्बनला जाण्याऐवजी मूळ गावच्या चर्चमधील बाप्तिस्म्याची वही पाहावी. तीत आईवडिलांची आणि धर्मपिता-धर्ममाता यांची नावे असतात, क्वचित वाडीचे नावही मिळते. विवाहाच्या नोंदीवरून आईच्या माहेरचा पत्ता लागतो. एका गावात डिसोजांची दहा घरे असली, की लोक प्रत्येक घराला टोपणनावाने ओळखतात. ते बहुधा कोणत्याच वहीत नसते. घरातील वृद्धांना ते विचारून ठेवावे, आणि लगेच लिहून काढावे.